विहिरीतून निघालेलं अंडं

जेवणं उरकली असतील. भांडी तशीच पडली असतील तर पडू द्या थोडा वेळ, ती काही पळून जात नाहीत. आज आम्ही दगडांबद्दल बोलणार आहोत. हसू नका. एका दगडापायी आमच्या गटाचे पाच हजार रुपये गेले होते, म्हणून हा विषय घेतला.

झालं असं. आमच्या नरसीच्या शिवारात गटातल्या एकीच्या शेतात विहिरीचं काम चाललं होतं. तिचं नाव आम्ही सांगणार नाही. तीच म्हणाली, गोष्ट सांगा, दुसरी कुणी फसायची वाचेल, पण नाव घेऊ नका. तर वीसेक फुटांवर मुरूम संपून दगड लागायच्या बेताला मजुरांना एक गोल धोंडा मिळाला. नारळाएवढा, जरा लांबट, वरून पिवळट तपकिरी. हातात घेतला तर वरचं साल सुटलं, कांद्याचं सुटतं तसं. आत पुन्हा साल. घरातल्या पोरांनी मोबाइलवर चित्रं बघितली आणि ठरवून टाकलं, हे डायनासोरचं अंडं.

गावात गोष्ट लपत नाही. चार दिवसांत पांढऱ्या शर्टातला एक माणूस मोटारसायकलवर आला. फोटो काढले, टेप लावून मोजलं आणि म्हणाला, "अक्का, परदेशात हे लाखांत जातं. पण आधी तपासणीचा कागद लागतो. तपासणीचे पाच हजार." आमच्या मैत्रिणीनं गटातून तातडीचं कर्ज उचललं. वहीत कारण लिहिलं 'दवाखाना'. माणूस पैसे घेऊन गेला तो गेलाच. फोन बंद.

पुढच्या दोन बैठकांना ती आली, पण मान वर केली नाही. तिसऱ्या बैठकीला तिनं पिशवीतून तो धोंडा काढला आणि सतरंजीच्या मधोमध ठेवला. "हे घ्या तुमचे पाच हजार," म्हणाली, आणि रडायला लागली.

खरं सांगतो, आधी आम्हाला रागच आला. गटाचा पैसा म्हणजे बारा-पंधरा जणींच्या पोटाला चिमटा घेऊन साठवलेला पैसा. पण मग आमच्यातली एक थोरली मावशी म्हणाली, "तुमच्या विहिरीतून निघालं असतं तर तुम्ही काय केलं असतं? मी तर गळ्यातलं मोडून दिले असते." त्यावर कुणाला बोलता आलं नाही. आपल्या रानातून निघालेला दगड काय आहे, हे आपल्याला सांगता येत नाही, म्हणून कुणीही येऊन काहीही सांगून जातं. ते तरी शिकून घ्यावं असं ठरलं. एकीच्या लेकीच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणारे एक सर होते. ते एका रविवारी आले आणि अर्धा दिवस आमच्यात बसले. त्यांच्याकडून जे कळलं आणि पुढं आम्ही जे वाचलं, विचारलं, ते आज सांगतो.

जीवाश्म म्हणजे काय, तर जीव आणि अश्म. अश्म म्हणजे दगड. एखादा प्राणी मरतो. बहुतेक वेळा कोल्हीकुत्री खातात, ऊन लागतं, हाडांचा भुगा होतो, संपलं. पण क्वचित असं होतं की तो नदीच्या गाळात किंवा तळ्याच्या चिखलात लगेच गाडला जातो. मग वरून झिरपणारं पाणी त्या हाडात मुरत राहतं. त्या पाण्यात चुना असतो, गारेचा अंश असतो. कैरीच्या फोडीत मीठ मुरतं ना, तसं ते मुरतं. फरक एवढाच की इथं लोणचं मुरायला हजारो, लाखो वर्षं लागतात. शेवटी हाडाचा आकार, आतली जाळी सगळं तसंच राहतं, पण वस्तू दगडाची झालेली असते. झाडाचं, शिंपल्याचं, पानाचंही असंच होतं.

आता सरांनी आमचा धोंडा बघून काय केलं सांगू? हातातच घेतला नाही. आधी विचारलं, "कुठून निघाला? वर काय होतं? खाली काय लागलं?" आमची मैत्रीण म्हणाली, वर काळी माती, मग मुरूम, खाली काळा पाषाण. सर म्हणाले, "मग निम्मं उत्तर तुम्हीच दिलंत."

ते कसं, ऐका. आपला हा सगळा मुलूख, मराठवाडा, देश, विदर्भाचा मोठा भाग, ज्या काळ्या दगडावर बसलाय तो ज्वालामुखीचा दगड. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तापलेला रस बाहेर आला, पसरला, थिजला. त्याच्यावर पुन्हा दुसरा आला. असे थरावर थर. आजही पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास जमीन या दगडाखाली आहे. आपलं जातं त्याचंच, पाटा-वरवंटा त्याचाच, देवळाच्या पायऱ्याही त्याच्याच. आता सांगा, चुलीतल्या इंगळात हाड टाकलं तर ते टिकेल का? तसंच आहे. तापलेल्या रसापासून थिजलेल्या दगडाच्या पोटात हाड नाही, अंडं नाही, शिंपला नाही. म्हणून काळ्या पाषाणातून जे काही निघतं, ते कितीही नवलाचं दिसलं तरी जीवाश्म नसण्याचीच शक्यता जास्त.

मग ते अंडं काय होतं? काळा पाषाण थंड होताना आक्रसतो आणि त्याला उभ्या-आडव्या चिरा पडतात. चिरांतून पाणी उतरतं आणि दगड कुजायला लागतो. हो, दगडही कुजतो, त्याचाच मुरूम होतो. चौकोनी तुकड्याचे कोपरे आधी झिजतात, कारण त्यांना पाणी दोन-तीन बाजूंनी लागतं. साबणाची वडी वापरून वापरून गोल होते ना, तसा धोंडा गोल होतो आणि त्याची सालं सुटत जातात. मुरमाच्या खाणीत, रस्त्यासाठी कापलेल्या टेकडीत असे शेकडो गोल धोंडे एकावर एक रचल्यासारखे दिसतात. आपण रोज बघतो, फक्त एखादाच हातात आला की अंडं वाटतो.

सरांनी मग धोंडा फोडायला सांगितला. आमची मैत्रीण नको म्हणाली. पाच हजारांचा धोंडा होता तो! शेवटी तिनंच घण घातला. आत सगळीकडं सारखाच दगड निघाला, बारीक कणांचा, निळसर काळा. कवच वेगळं आणि गाभा वेगळा असं काहीच नाही. खऱ्या डायनासोरच्या अंड्याला सालांवर सालं नसतात. कवच एकच असतं, पातळ, काही मिलिमीटरचं, आणि नीट पाहिलं तर त्यावर बारीक दाणे आणि छिद्रं दिसतात. इथं एक सांगतो, आम्ही फोडला म्हणून तुम्ही फोडू नका. जाणकार समोर होते, आणि तो काय आहे ते त्यांनी आधीच ओळखलं होतं.

म्हणजे डायनासोरची अंडी आपल्या बाजूला नाहीतच का? आहेत ना. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात पाडल्या नावाचं गाव आहे. तिथं शेतात गोल दगडी गोळे निघायचे. लोकांनी त्यांना काकर भैरव म्हणून शेताच्या बांधावर बसवलं. शेताची आणि गुराढोरांची राखण करणारा देव. नारळ वाहायचे, पूजा करायचे. २०२३ च्या डिसेंबरात बातमी आली की लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या लोकांनी येऊन पाहिलं, तर ती डायनासोरची अंडी होती. पण तिथली जमीन बघा. ती अंडी ज्वालामुखीच्या दगडात नव्हती, त्याच्या आधीच्या चुनखडीच्या थरात होती. लाव्हा यायच्या आधी नर्मदेच्या त्या बाजूला डायनासोर अंडी घालायचे. आम्हाला या गोष्टीत एक आवडलं. त्या लोकांना ते काय आहे ते माहीत नव्हतं, पण हा दगड साधा नाही एवढं त्यांनी ओळखलं आणि सांभाळून ठेवला. फेकला असता, पायाच्या दगडात घातला असता, तर आज काय राहिलं असतं?

देवाचा विषय निघालाच आहे तर तुळशीच्या लग्नातला शाळिग्राम आठवा. तो अस्सल असेल तर बहुतेक वेळा खरोखरचा जीवाश्म असतो. नेपाळात काली गंडकी नदीत ते सापडतात. गोगलगायीसारखी वळ्यावळ्यांची शिंपली असलेला समुद्रातला प्राणी, ॲमोनाइट त्याचं नाव, त्याचं ते कवच. शाळिग्रामावर आपण जे चक्र म्हणतो ते त्या शिंपल्याचे वळसे. हिमालय उभा राहायच्या आधी तिथं समुद्र होता, त्याची ही खूण. बैठकीत एका काकूंना हे पटेना. "म्हणजे आमचा विष्णू शिंपला काय?" सर म्हणाले, "काकू, कोट्यवधी वर्षं टिकलाय, त्यालाच तुम्ही देव म्हणताय, यात चूक काय आहे?" काकू गप्प झाल्या, पण पुरत्या खूश झाल्या नाहीत. असो. बाजारात काळ्या गोट्यावर चक्र कोरून विकलेले शाळिग्रामही असतात. कोरलेल्या रेघेची खोली सगळीकडं सारखी असते आणि हत्याराची खूण दिसते. शिंपल्याच्या वळशाला मात्र ठरावीक अंतरानं उंचवटे असतात आणि वळसा मध्याकडं बारीक होत जातो. आपल्या कयाधूच्या पात्रात शाळिग्राम सापडला असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. इथं तो समुद्र नव्हता.

आता आपल्याच रानातल्या फसव्या दगडांकडं येऊ. यांनी आम्हालाही फसवलंय.

पहिली गारगोटी. पांढरी, कधी धुरकट, घासली की ठिणगी पडते. लाव्हा थिजताना त्यात वाफेचे बुडबुडे राहिले, पुढं त्या पोकळ्यांत पाणी मुरून गार साठली. कधी पोकळी पूर्ण भरत नाही, मग गोटा फोडला की आत साखरेसारखे खडे चमकतात. पोरं याला मणी म्हणतात. हिरवट, पांढरे, सुयांसारखे खडेही निघतात. विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात, त्या ठिसूळ, पांढऱ्या ठिपक्यांच्या दगडात हे भरपूर असतात. सिन्नरला या खड्यांचं एक संग्रहालयच आहे, नावच त्याचं 'गारगोटी'. दिसायला सुंदर, पण जीवाचा काही संबंध नाही.

दुसरं म्हणजे दगडावरचा झाडपाला. फरशीसारखा दगड दुभंगला की आत काळ्या शाईनं काढल्यासारखी नेच्याची फांदी दिसते. आम्ही अशी एक चौकटीत बसवून घेतली होती! ती मँगनीजची नक्षी. चिरेत पाणी शिरलं आणि क्षार पसरत गेले, ओल्या भिंतीवर डाग पसरतो तसे. खऱ्या पानाला मधली शीर असते, तिला फाटे ठरावीक जागी फुटतात, आणि पानाला कड असते. या नक्षीला मधली शीर नसते, ती चिरेच्या कडेपासून आत पसरत जाते.

तिसरे चुनखडे. काळ्या मातीत पांढरट, वेडेवाकडे, हाडाच्या कांडासारखे गोटे निघतात. यांनी हुशार माणसंही फसतात. मातीतला चुना मुळांभोवती, भेगांत साठून ते तयार होतात. आतून भरीव किंवा खडबडीत असतात, हाडाची रचना दिसत नाही.

मग हाडाची रचना कशी असते? माळकरी बायांनी क्षणभर कान झाकावेत, कारण मटणातल्या नळीबद्दल बोलायचंय. नळी तोडली की काय दिसतं? बाहेरून कडक, गुळगुळीत, घट्ट थर, आणि टोकाला आत बारीक जाळी, स्पंजासारखी. दगड झालेल्या हाडातही हेच दिसतं. बाहेर घट्ट, आत जाळी, आणि जाळीची भोकं एकमेकांशी जोडलेली. भोकं काळ्या दगडालाही असतात, पण ती बुडबुड्यांची असतात. कुठं मोठी, कुठं लहान, सुटीसुटी, आतून गुळगुळीत, पुष्कळदा पांढऱ्या गारेनं भरलेली. बाहेर एक आणि आत एक असा भेद त्यात नसतो. लाकडाचं तसंच. दगड झालेल्या लाकडाचे धागे एका दिशेनं जातात आणि आडव्या कापावर वर्तुळं दिसतात. तुम्ही आयुष्यभर सरपण फोडलंय, तुम्हाला लाकडाचा धागा कुणी शिकवायला नको.

वजनही बघावं. दगड झालेलं हाड ताज्या हाडापेक्षा बहुधा जड लागतं आणि टिचकी मारली तर खापरासारखं वाजतं. पण एकट्या वजनावर जाऊ नका. काही लोक जिभेला लावून बघतात. हाडाची भोकं जिभेला चिकटतात म्हणे. आम्ही ते करत नाही आणि तुम्हीही करू नका. एक तर नदीतला दगड, कशाकशातून आलेला. दुसरं, भाजलेली माती आणि चुनखडाही जिभेला चिकटतोच. डोहाळे लागलेल्या बायकांना विचारा. लिंबू पिळून फेस येतो का हेही बघू नका. चुन्याला फेस येतो, पण शिंपला असेल तर त्याची नक्षीच जळते.

सगळ्यात उपयोगी खूण आम्हाला वाटते ती अशी: जीवाच्या आकारात नेम असतो. दोन बाजू सारख्या, रेघा ठरावीक अंतरानं, वळसा हळूहळू लहान होत जाणारा. ज्यात 'हे डोळ्यासारखं, ते नाकासारखं' असं म्हणावं लागतं, तो बहुतेक साधा दगड. ढगातही हत्ती दिसतो.

आता तुम्ही विचाराल, आपल्याकडं सगळा काळा पाषाणच, मग जीवाश्म शोधायचे तरी कुठं? दोन जागा आहेत. आणि इथंच आमची एक चूक सांगायची आहे.

पहिली जागा म्हणजे लाव्ह्याच्या दोन थरांच्या मधली. गोधडी आठवा. वरचं लुगडं, खालचं लुगडं, आणि मध्ये जुनेर घातलेलं. एक थर थिजला आणि दुसरा यायच्या आधी पुष्कळ वर्षं गेली, तेवढ्यात तळी झाली, झाडं उगवली, गोगलगायी आल्या. मग वरून दुसरा थर. त्या मधल्या गाळात जीवाश्म राहतात. नागपूरजवळ टाकळीला असा थर आहे. तिथं हिस्लॉप नावाच्या मिशनऱ्यानं, ज्यांच्या नावाचं कॉलेज नागपुरात आहे त्यांनीच, गोड्या पाण्यातल्या शंखांचे आणि झाडांचे जीवाश्म गोळा केले आणि १८५५ मध्ये त्यावर लेख छापून आला. विहीर खणताना दोन काळ्या दगडांच्या मध्ये हिरवट-राखाडी, पाटीसारखा पापुद्रे सुटणारा गाळदगड लागला, तर तिथं थांबून बघावं. नुसती तांबडी माती लागली तर ती बहुतेक भाजलेली, कुजलेली वरची माती असते.

पिसदुऱ्याचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडं हे गाव. तिथं लाव्ह्याच्या खालच्या थरात डायनासोरची हाडं तर आहेतच, पण त्यांचं शेणही आहे, दगड झालेलं! बटाट्यासारखे, लेंड्यांसारखे गोळे. २००५ मध्ये वंदना प्रसाद आणि त्यांच्या सोबतच्या संशोधकांनी ते शेण सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं. त्यात त्यांना गवताचे काचेसारखे बारीक कण मिळाले. निंदताना गवताच्या पात्यानं बोट कापतं ना? पात्यातल्या याच गारेच्या कणांमुळं कापतं. तोवर जगभरात समज होता की डायनासोर असताना गवत जवळजवळ नव्हतंच. शेणानं तो समज मोडला. पुढं त्यात भाताच्या कुळाशी नातं असलेलं गवतही सापडलं. गोवऱ्या थापणाऱ्या बायांनो, शेणात काय काय सापडतं ते बघा. आणि शेणाचा दगड शेण म्हणून पहिल्यांदा ओळखण्यात एका बाईचा हात होता. इंग्लंडात मेरी ॲनिंग नावाची एका सुताराची मुलगी समुद्रकाठचे जीवाश्म शोधून विकून पोट भरायची. तिच्या लक्षात आलं की सांगाड्याच्या पोटाच्या जागी मिळणारे गोटे फोडले की आत माशांचे खवले निघतात. शाळा तिची फारशी झाली नव्हती.

आता दुसरी जागा, आणि ती आपल्या जवळची. नदीकाठचा जुना गाळ. आपली कयाधू पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, वर्धा पुढं प्राणहिता होऊन सिरोंच्याला गोदावरीत जाते. सिरोंच्याला वडधमला जीवाश्मांचं उद्यान आहे, दगड झालेली झाडं तिथं आहेत. पण तिथला दगड वेगळा, लाव्ह्यापेक्षा कितीतरी जुना. आपल्याकडं नदीकाठी मिळालं तर ते इतकं जुनं नसेल. लातूरच्या मांजरा नदीचं उदाहरण घ्या. तीही काळ्या पाषाणातूनच वाहते. पण तिच्या काठच्या वाळू-गोट्यांच्या जुन्या थरांत, हरवाडीसारख्या ठिकाणी, हत्ती, रानबैल, पाणघोडा यांची दगड झालेली हाडं आणि दात निघाले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या लोकांनी त्यांचा अभ्यास केला. ही जनावरं हजारो वर्षांपूर्वीची, डायनासोरांच्या मानानं कालचीच. मराठवाड्यात हत्ती आणि पाणघोडे डुंबत होते, हे ऐकून आम्ही बराच वेळ गप्प बसलो होतो.

तर आमची चूक. त्या रविवारी सर निघायच्या बेतात असताना शेळ्या राखणारी एक म्हातारी मावशी आली आणि पदरातून एक तुकडा काढला. तपकिरी, बोटभर जाडीचा, वरच्या बाजूला वाकड्या घड्या, म्हशीच्या दाढेला असतात तशा, पण म्हशीच्या दाढेपेक्षा मोठा. तिनं तो दोन-तीन वर्षं फडताळात ठेवला होता. सरांचा चेहरा बदलला. म्हणाले, "ही दाढ असू शकते. कुठं मिळाली?" मावशी म्हणाली, "नदीला." नदीला कुठं? वळणावर की डोहाजवळ? काठातून निघालेली की वाळूत पडलेली? मावशीला आठवेना. गेल्या काही वर्षांत पुरानं काठ कुठल्या कुठं सरकलेत. त्यात भर म्हणजे वर्षभरापूर्वी तिनं तोच तुकडा आमच्यातल्या एकीला दाखवला होता. त्या बाईनं काय केलं? मातीचा थर निघावा म्हणून तारेच्या घासणीनं घासला आणि संडास धुवायचं ॲसिड टाकलं. एका बाजूच्या घड्या गेल्या. उरलेल्या बाजूला चिकटलेली माती, जिच्यावरून थर कळला असता, तीही गेली. ती बाई आत्ता याच माइकसमोर बसली आहे.

सर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की जागा माहीत नसेल तर दाढ आहे एवढंच सांगता येईल, तिच्यावरून काठाचं काही सांगता येणार नाही. तो तुकडा आमच्याकडं कापसात गुंडाळून डब्यात आहे. मावशीचाच आहे, तिनं ठेवायला दिलाय.

म्हणून आता नीट ऐका. काही सापडलं तर घासू नका, धुऊ नका, फोडू नका, तेल-शेंदूर लावू नका. काठात रुतलेलं असेल तर उपसू नका. शेजारी नाणं किंवा काडेपेटी ठेवून फोटो काढा, म्हणजे आकार कळतो. दुसरा फोटो लांबून काढा, ज्यात झाड, पूल, बांध असं ओळखीचं काही येईल. मोबाइलमधल्या नकाशावर जागेची खूण करून ठेवा. हे पोरांना येतं, त्यांना कामाला लावा. कुणाच्या शेतात, किती फुटांवर, वर-खाली कसली माती, हे वहीत लिहा. सुटा पडलेला तुकडा वाहून जाण्यासारखा असेल तरच उचला, कोरड्या कापडात ठेवा आणि तीच चिठ्ठी आत टाका. मग ग्रामपंचायतीला सांगा, तलाठ्याला सांगा. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात भूशास्त्राचा विभाग आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मोठं कार्यालय नागपूरला आहे. फोटो पाठवून विचारता येतं. आणि 'तपासणीचे आधी इतके द्या' असं जो म्हणेल, त्याला दारातूनच परत पाठवा. शिकवणारी माणसं फोटो बघायचे पैसे घेत नाहीत.

एक आणखी. हाड ताजं दिसलं, माणसाचं वाटलं, तर हात न लावता पोलीस पाटलांना बोलवा. तो जीवाश्माचा विषय नाही.

तुमच्यातल्या कुणी विचारलं होतं की हे सगळं शिकून आपल्याला मिळणार काय. पैसे मिळणार नाहीत, हे आधीच सांगतो. पण विहिरीच्या मालाकडं आम्ही आता वेगळ्या नजरेनं बघतो. टाकी लावणाऱ्या बायांना दगड हातात घेतल्या घेतल्या कळतो, तेवढं आम्हाला कधी येणार नाही. पण मुरूम कुठं संपला आणि मांजऱ्या कुठं लागला हे आमच्या पोरी बोट दाखवून सांगतात. मागच्या आठवड्यात एकीनं चुनखडा आणून "आई, हे हाड नाही" असं स्वतःहून सांगितलं.

आमच्या मैत्रिणीच्या कर्जाचे अडीच हजार फिटलेत. वहीतलं 'दवाखाना' तिनं स्वतः खोडून 'अंडं' लिहिलं. धोंड्याचं एक अर्धुक तिच्या दाराला अडसर म्हणून आहे, दुसरं आम्ही इथं आणलंय, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला. शेळ्यावाल्या मावशी हल्ली नदीवर जाताना नातवाला सोबत नेतात, फोटो काढायला. पाऊस ओसरला की आम्हीही त्यांच्याबरोबर काठाकाठानं चालणार आहोत. ज्यांना यायचं असेल त्यांनी आपल्या गटाच्या बैठकीत नाव द्यावं, पाणी आणि टोपरं सोबत आणावं.